साबणदगड नव्हे, मागाचा दगड

प्रश्न असा आहे: व्हायकिंगांच्या घरगुती वस्तूंविषयी मराठीत लिहिताना 'साबणदगडाचे भांडे', 'साबणदगडाची चकती' असे लिहितात, ते बरोबर का?

नाही. 'सोपस्टोन' या मऊ दगडाच्या इंग्रजी नावाचे हे शब्दाला शब्द भाषांतर पुनःपुन्हा वाचावे लागते, आणि आपल्याकडे शंखजिरे हा शब्द तयार आहे. त्याचेच दुसरे रूप संगजिरे, आणि मुळाला तेच जवळचे: फारसी संग-ए-जराहत, जखमेवर लावायचा दगड. शंख आणि जिरे अशी फोड करून संस्कृतात शिरणाऱ्या पंडितांनी आधी या 'संग'चा हिशेब द्यावा.

खरी मौज मात्र नॉर्वेत आहे. तिथे या दगडाला 'क्लेबर' म्हणतात, व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेत 'क्लेबर्ग'. 'क्ले' म्हणजे मागाला टांगायचा धोंडा, 'बर्ग' म्हणजे खडक. मागाचे धोंडे देणारा खडक! जर्मन 'क्लेबेन', म्हणजे चिकटणे, याच्याशी नाते जोडणे निव्वळ कानाचा भास. हा दगड चिकटत नाही, बुळबुळीत लागतो.

तो माग भिंतीला टेकवून उभा करत. ताण्याचे दोरे वरच्या दांडीवरून खाली लोंबत, त्यांचे झुबके करून प्रत्येकाला भोक पाडलेला धोंडा बांधत आणि विणताना बाणा, म्हणजे आडवा दोरा, वरच्या बाजूला ठोकत. दर दोऱ्याला 20 ग्रॅम ताण हवा असेल, तर 600 ग्रॅमच्या धोंड्याला 30 दोरे. ताण कमी पडला की लोकरीचे केसाळ दोरे एकमेकांत अडकतात, बाण्याला वाट मोकळी मिळत नाही. शेजारच्या झुबक्यांचा ताण कमीजास्त झाला, तर कापड एकसारखे येत नाही. शंखजिरे नखानेही ओरखडते, त्यामुळे भोक पाडणे सोपे. ते आच सोसते, म्हणून भांडीही त्याचीच. आणि भांडे फुटले की खापरीला भोक पाडून धोंडा किंवा टकळीची चकती करत. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरल्या कॅटपंडच्या खाणीत खडकातून भांडी कोरून काढल्याच्या खुणा अजून दिसतात.

न्यालच्या सागेत, म्हणजे आइसलँडच्या एका जुन्या गद्यकथेत, आयर्लंडमधल्या 1014 च्या क्लॉन्टार्फच्या लढाईवेळचे एक गीत आहे. त्यात वाल्किरी, म्हणजे रणात कोण मरणार ते ठरवणाऱ्या देवदूती, माणसांच्या आतड्यांचा ताणा लावून विणतात आणि धोंड्यांच्या जागी मुंडकी टांगतात. त्या विणीला तिथे 'हार्दक्लेआदर' म्हटले आहे: जड धोंडे बांधलेली. त्यातला 'क्ले' हाच.