डिझेल रेसिंग बघायला सुरुवात करतोयस? मग हे वाच

अरे मस्त विषय पकडलास! पण सगळं एकदम बघायला जाऊ नकोस, नाहीतर डोक्याचं भजं होईल. आधी फक्त ल मान्सच्या (फ्रान्समधली २४ तासांची रेस) ३ रेस बघ:

- २००६: ऑडी आर१० टीडीआय, ५.५ लिटर व्ही१२, ल मान्स जिंकणारी पहिली डिझेल गाडी
- २००८: ही माझी सगळ्यात लाडकी, ऑडीची प्रतिस्पर्धी प्युजो (तीही डिझेलच) क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे रेसआधीच्या वेळेच्या चाचणीत, कितीतरी फास्ट होती, सगळ्यांना वाटलं संपलं आता, मग रात्री पाऊस आला आणि क्रिस्टेनसेन, मॅकनिश, कापेलो या तिघा ड्रायव्हरांनी ऑडी पुढे काढली ती काढलीच
- २०११: २४ तासांनंतर पहिल्या ऑडीत आणि दुसऱ्या प्युजोत फरक किती? १४ सेकंदसुद्धा नाही!

(२००९ प्युजोने जिंकली, ती नंतर बघ.)

नवीन लोकांची नेहमीची चूक म्हणजे "डिझेल म्हणजे मायलेज, म्हणून जिंकले" असं धरून बसणं. मायलेजचा फायदा होताच, पण कमी आरपीएमला (इंजिन हळू फिरत असताना) मिळणारा तो राक्षसी टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, विसरू नकोस, वळणातून बाहेर पडताना गाडी अशी सुटते ना! अर्थात इंजिन जड, त्यामुळे वजनाची डोकेदुखी होतीच.

दुसरी चूक, नुसता फास्टेस्ट लॅप बघणं. पिट स्टॉप (इंधन, टायरसाठीचे थांबे) मोज, गॅरेजमध्ये गाडी किती वेळ उभी राहिली ते बघ. २०१० ला प्युजो फास्ट होत्या पण एकामागून एक बंद पडल्या आणि ऑडी १-२-३.

आणि हो, आवाज कमी येतो म्हणून व्हिडिओ खराब आहे असं समजू नकोस, त्या गाड्या खरंच तेवढ्या शांत होत्या 😄

हायब्रिड आणि इंधनाचे नियम सध्या सोड.