खान्देशात गुप्तरोगांच्या सरकारी योजना नेमक्या कुठे अडतात?

तुमचा प्रश्न : एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ ब आणि क (हेपॅटायटिस बी आणि सी) यांच्यासाठी सरकार इतकी वर्षं योजना आखतंय, मग आमच्या खान्देशातल्या गावांत त्या अडतात कुठे?

तारखेवर अडतात. योजना कागदावर चांगली आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा १ एप्रिल २०२१ ला सुरू झाला. आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि सिफिलिस संपवणं हे त्याचं उद्दिष्टच आहे. पण आमच्याकडे मोठं शिबिर लागतं १ डिसेंबरच्या आसपास, एड्स दिनाला धरून. तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या फडात आणि नवापूरकडची तरुण माणसं सुरतेत. ज्यांची तपासणी व्हायला हवी ती गावात नसतातच. ती येतात होळी ते आखाजी (अक्षय्य तृतीया) या काळात, आणि नेमकी तेव्हा तपासणी आणि औषधांच्या किटची मागणी मार्चअखेरच्या हिशोबात अडकलेली असते.

तपासणी केंद्रात समोर आलेलं एक प्रकरण सांगतो, म्हणजे कळेल. आखाजीला माहेरी आलेली बाई, पाचवा महिना. रॅपिड कार्डावर, म्हणजे रक्ताच्या थेंबाच्या झटपट चाचणीत, सिफिलिसची रेघ उमटली. पुढे आरपीआर करायची, म्हणजे रोगाचा जोर आकड्यात सांगणारी रक्तचाचणी. तिला खोलीचं तापमान २३ ते २९ अंश लागतं, कार्ड ८ मिनिटं मिनिटाला १०० फेऱ्यांनी फिरवायचं. वैशाखात दुपारी खोलीतच ४० च्या वर पारा, त्यात पंख्याखाली थेंब कडेने वाळला की गुठळ्या दिसतात आणि वाचन चुकतं. म्हणून चाचणी सकाळी आठला. आकडा आला १:३२, म्हणजे रक्तातलं पाणी ३२ पट पातळ केलं तरी गुठळ्या दिसतात.

औषध एकच, बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, दोन भाग करून दोन्ही कुल्ल्यांत खोल. संसर्ग कधीचा ते माहीत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. औषध दाट असतं, बारीक सुईत अडकतं, कालवल्यावर रेंगाळायचं नाही. इथेच मोठी चूक होते. सरकारी औषधांची किटं रंगावरून ओळखतात. रिॲक्शनच्या धास्तीने पेनिसिलिनचं पांढरं किट बाजूला ठेवून निळं किट हातात देतात. त्यातली डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात चालत नाही, आणि ॲझिथ्रोमायसिन वारेतून बाळापर्यंत पुरेसं जात नाही. रिॲक्शन आलीच तर लागणारं ॲड्रेनालिन ट्रेमध्ये भरून ठेवा, अर्धा तास बसवून ठेवा आणि पेनिसिलिनच द्या.

बाई आठवड्याने सासरी जाणार. म्हणजे एक डोस इथे, दुसरा-तिसरा दुसऱ्या तालुक्यात, आणि मध्ये खंड पडला तर तीनही पुन्हा पहिल्यापासून. नवरा वेगळाच. त्याचं म्हणणं, “माले काहीच तरास नही, मंग सुई कसाले?” सिफिलिसची जखम दुखत नाही, तीन ते सहा आठवड्यांत आपोआप बरी होते, म्हणून तो खोटं बोलत नसतो. पण त्याला सुई दिली नाही तर बायकोला पुन्हा लागण होते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, शिबिर आखाजीच्या आठवड्यात घ्या. जोडपी तेव्हा गावात असतात, दोघांना एकाच दिवशी सुई देता येते. “दिनविशेष वरून ठरतात” हे उत्तर मला पटत नाही. दिनविशेष साजरा करा, किट मात्र फेब्रुवारीतच मागवून ठेवा.

काविळीचं थोडक्यात. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. क प्रकाराला, लिव्हर सिरोसिसपर्यंत गेलेलं नसेल, तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर १२ आठवडे, मोफत. ब प्रकारात बाळाला जन्मल्यावर २४ तासांत लस हवी, आणि धडगाव-अक्कलकुव्याकडे घरी बाळंतपण झालं की ती हुकते. जत्रेतल्या गोंदणाची एकच सुई दहा जणांना, हाही रस्ता आहे, त्यावर शिबिरात कोणी बोलत नाही.

एक मान्य केलं पाहिजे. एचआयव्हीची औषधं २०१७ पासून सीडी फोरचा (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा) आकडा न बघता सगळ्यांना मिळतात, हे काम खरंच झालंय. आणि तुम्हाला स्वतःलाच एचआयव्हीचा धोका झाल्याची शंका असेल तर इथली उत्तरं वाचत बसू नका. ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठा, लागण टाळायचं औषध २८ दिवसांचं असतं.

त्या बाईच्या माता-बाल कार्डावर १:३२ हा आकडा, सुयांच्या तारखा आणि नवऱ्याची सुई, सगळं पेनाने लिहून दिलं. रॅपिड कार्डावरची रेघ बरं झाल्यावरही आयुष्यभर उमटत राहते. पुढच्या बाळंतपणात दुसऱ्या केंद्राने नुसती रेघ बघितली तर घरात भांडण लागतं. आरपीआरचा आकडा १:३२ वरून १:८ किंवा त्याखाली आलेला असेल तर उपचार लागू पडलाय.