नेमाचं बोला : माशी बरी की दुर्बीण?

या खेपेला नेमबाजीचेच प्रश्न जास्त आलेत आणि त्यातले बरेचसे फिरून फिरून एकाच जागी येतात, बंदुकीवर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, लावू की नको. म्हणून चार निवडले आणि एकत्रच घेतलेत. एक आधीच सांगते, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे "ताई, कर्जतच्या जंगलात जायचंय" वाली दोन पत्रं मी सरळ बाजूला ठेवलीत. पहिला प्रश्न शिकारीचाच आहे, पण तो सातासमुद्रापलीकडचा.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचे जावई पेनसिल्व्हेनियात असतात, तिकडे लायसन्स काढून हरणाची शिकार करता येते. त्यांनी सेकंडहँड लिव्हर ॲक्शनची थर्टी-थर्टी काडतुसाची रायफल घेतलीय, तिच्यावर नुसत्या लोखंडी साइट्स, म्हणजे नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच, आहेत. दुकानदार म्हणतो स्कोप घ्या, शेजारचे म्हातारे ज्यांच्याबरोबर हे जातात ते म्हणतात अजिबात नको. मी एनसीसीत होतो एवढ्यावरून जावयांनी मला विचारलं, आणि मला "शिस्त लेना" (म्हणजे नेम धरणं) सोडून काही आठवत नाही. नोव्हेंबरात मी तिकडेच आहे, सासऱ्याची अब्रू तुमच्या हातात. — एक वाचक, गिरगाव

उत्तर : काका, अब्रू वाचवायची तर जावईबापूंना उत्तर देऊ नका, उलटे तीन प्रश्न विचारा. हरीण किती लांबून दिसतं, उजेड किती असतो आणि तुमचं वय काय. बंदूक कुठली हा प्रश्न चौथा.

लांबीचं आधी बघू. दाट झाडीत मचाणावर बसणार असतील तर बार बहुतेक ३० ते ७० मीटरवर पडतो. तेवढ्याला लोखंडी साइट पुरते, हात बसलेला असला तर. पण साध्या साइटचं गणित असं की माशीचा, म्हणजे नळीच्या टोकावरच्या पुढच्या साइटचा मणी धरा दीड मिलिमीटरचा आणि तो डोळ्यापासून पाऊण मीटरवर, तर १०० मीटरवर तोच मणी २० सेंटीमीटर जागा झाकून टाकतो. हरणाच्या खांद्यामागची जी जागा, जिथे गोळी बसली की जनावर तडफडत नाही, ती साधारण तेवढीच असते. म्हणजे १०० मीटरवर तुम्ही नेम धरता ती जागा तुम्हाला दिसतच नाही, मण्याखाली गेलेली असते. शिवाय पुढची आणि मागची साइट यांच्यात अर्धा मीटर अंतर असेल आणि माशी मागच्या साइटच्या खाचेत फक्त एक मिलिमीटर बाजूला गेली तर १०० मीटरवर गोळी २० सेंटीमीटर बाजूला. एक मिलिमीटर! थंडीत बोटं गारठलेली, छाती धडधडतेय, तेव्हा एक मिलिमीटर कोण मोजतंय. जखमी हरीण रात्रभर शोधत फिरायचं पाप नको असेल तर ज्याला शंभरच्या पुढे बार टाकायचाय त्याने स्कोपच लावावा, यात मला तरी शोभाबिभा काही दिसत नाही. आणि थर्टी-थर्टी ही काही लांब पल्ल्याची चीज नाही, १०० यार्डांवर झिरो केली, म्हणजे नेम तिथे बरोबर बसवला, तर २०० वर गोळी सात-आठ इंच तरी खाली जाते, त्यामुळे स्कोप लावला म्हणून आता डोंगरापलीकडचं मारू असं जावयांना वाटायला लागलं तर कान तुम्हीच पकडा.

आता उजेड. हरणं बाहेर पडतात झुंजूमुंजू आणि दिवेलागणीला. त्या वेळी काळी माशी काळ्या खाचेत काळ्या झाडीसमोर, काय दिसणार कपाळ. चांगला स्कोप इथे खरा उपयोगाला येतो, पण त्यातही लोक फसतात. बाजारात सगळ्यात जास्त खपतो तो ३-९×४०, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा आणि पुढची काच ४० मिलिमीटरची. काचेला पटीने भागायचं, जो आकडा येतो तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्यात येतो. नऊ पटीवर ४.४, चार पटीवर १०. अंधारात तरुणाची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, आपल्या वयाला पाचएक धरा. मग संध्याकाळी नऊवर ठेवून काय मिळालं? अंधार. शिवाय १०० मीटरवर तीन पटीला दहाएक मीटरचा पट्टा दिसतो तो नऊला साडेतीन मीटर होतो, त्यात हलणारं हरीण शोधणं म्हणजे लालबागच्या गर्दीत पेपराची सुरळी डोळ्याला लावून आपलं माणूस शोधणं. जंगलात तीन-चारवर ठेवायचा आणि विसरून जायचं.

बंदूक जुनी आहे म्हणालात तर एक नक्की बघायला सांगा, झाडलेलं काडतूस कुठून बाहेर पडतं. विंचेस्टर ९४ असेल आणि १९८० च्या दशकाच्या आधीची असेल तर ते वरून उडतं, सरळ वर, तिथे डोक्यावर स्कोप बसवायचा म्हणजे वाटेतच भिंत, तो मग बाजूला सरकवून लावावा लागतो आणि गालाला दस्ता नीट लागत नाही. मार्लिन ३३६ असेल तर काडतूस बाजूने पडतं, वरचा भाग सपाट बंद, स्कोप छान बसतो. पहिली असेल तर म्हातारेबुवा बरोबर आहेत, दुसरी असेल तर दुकानदार.

आणि मधला एक रस्ता आहे जो दोघांनीही सांगितलेला दिसत नाही. पीप साइट, मागच्या खाचेऐवजी डोळ्याजवळ गोल भोक. खाचेत डोळ्याला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात, खाच, माशी आणि जनावर, आणि डोळा एका वेळी एकच गोष्ट स्पष्ट बघू शकतो. भोकातून बघताना भोकाकडे बघायचंच नसतं, डोळा आपोआप मधोमध जातो, फक्त माशी बघा आणि चाप दाबा. वजन नगण्य, पावसात धुकं धरत नाही, मागची साइट डोळ्याकडे सरकल्यामुळे दोन साइटमधलं अंतरही वाढतं म्हणजे तो एक मिलिमीटरवाला घोळ कमी होतो. जावई चाळिशीच्या आत असतील आणि झाडी दाट असेल तर मी हेच लावेन. चाळिशी ओलांडली असेल, माशी केसाळ दिसायला लागली असेल, तर दोन ते सात पटीचा हलका स्कोप.

स्कोप घेतलाच तर डोळा तीन-साडेतीन इंच मागे. माझ्या उजव्या भुवईवर अर्धचंद्र आहे तो तिथूनच आलाय, उताणी मान करून, डोळा काचेला चिकटवून बार काढला आणि धक्क्याने मागे आलेल्या स्कोपच्या रिंगने प्रसाद दिला, रक्त पुसत घरी गेले तर आई म्हणाली भांडून आलीस का कुणाशी.

तुमच्याबद्दल एक. टूरिस्ट व्हिसावर गेलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेत बंदूक बाळगायला मनाई आहे, वैध हंटिंग लायसन्स असलं तर त्यातून सूट मिळते. तेव्हा नुसतं "दाखवा जरा" म्हणून हातात घेण्याआधी ते कागद बघून घ्या. आणि बरोबर जाणार असाल तर ते भडक केशरी जॅकेट घाला, तिथे रायफलच्या सीझनला कायद्यानेच लागतं. लाजू नका.

प्रश्न : माझं वय ५२. पॉइंट १७७ ची स्प्रिंगवाली एअर रायफल आहे, ऑनलाइन ३-९×४० स्कोप घेऊन लावला. पहिले दोन दिवस मस्त, मग छर्रे कुठेही जायला लागले. सोसायटीच्या गच्चीवर १० मीटरवर डबे ठेवून मारतो. स्कोप बदलू की काढून टाकू? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी गच्ची. दादा, नको. साडेचार मिलिमीटरचा छर्रा डब्याला चुकला तर शंभर-दोनशे मीटर सहज जातो, आणि डोंबिवलीत शंभर मीटरवर काय असतं हे मी तुम्हाला काय सांगायचं, कुणाचं तरी वाळत घातलेलं धुणं आणि ते घालणारी बाई. २० जूलच्या आतल्या ताकदीच्या पॉइंट १७७ ला लायसन्स लागत नाही याचा अर्थ ती खेळणं आहे असा नाही. कबुतरावर तर अजिबात नाही. रेंजवर जा, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची आहे, तुमच्या बाजूलाही आता एअर रायफलच्या छोट्या रेंजेस झाल्यात.

आता स्कोप. गंमत अशी की मोठ्या रायफलीच्या धक्क्याला तगणारा स्कोप स्प्रिंगच्या एअर रायफलवर मरतो. रायफलचा धक्का एकाच दिशेला, मागे. स्प्रिंग एअर रायफलमध्ये आधी पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते आणि पिस्टन टोकाला आदळला की बंदूक पुढे जाते, म्हणजे दोन्हीकडून हिसका. साध्या स्कोपच्या आतल्या काचा पुढच्या हिसक्यासाठी बांधलेल्याच नसतात, त्या सैल होतात. कधी स्कोप धड असतो पण माउंटच, म्हणजे त्याला बंदुकीवर धरणारी पकड, हळूहळू मागे सरकत असतो. नळीवर पेन्सिलीने रेघ मारा आणि २० छर्ऱ्यांनी बघा, रेघेपासून माउंट हलला असेल तर स्क्रू आणि मागे स्टॉपर पिन, एवढ्यात काम होईल. हलला नसेल तर स्कोप गेला, आणि "एअरगन रेटेड" लिहिलेलाच दुसरा घ्या.

तुम्हाला नऊ पटीवर डबा धूसर पण दिसत असणार, बरोबर ना? रायफलचे स्कोप बहुतेक १०० यार्डांसाठी सेट केलेले असतात, १० मीटरवर डोळा जरा हलला की स्कोपमधली नेमाची फुली, म्हणजे क्रॉसपण हललेला दिसतो. पुढची काच फिरवून १० मीटरवर आणता येते असा बघा. नेम सरकवायची स्कोपवरची चकती फिरवताना क्लिक पण कंजूषपणे मोजू नका, पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० मीटरवर ७ मिलिमीटर सरकवतो पण १० मीटरवर फक्त पाऊण, म्हणजे तीन सेंटीमीटर आणायचे तर चाळीस क्लिक. लोक चार क्लिक फिरवून म्हणतात स्कोप खराब आहे.

काढून टाकायचा विचार मला पटतो खरं तर. ५२ ला माशी दिसत नाही ही अडचण स्कोपवर पैसे न घालताही सुटते, चष्म्याच्या दुकानात. तुमचा प्रोग्रेसिव्ह (वर लांबचा, खाली जवळचा नंबर असलेला) असेल, त्यात गाल दस्त्यावर टेकवला की तुम्ही काचेच्या भलत्याच भागातून बघता. एक साधा सिंगल नंबरचा चष्मा करा, लांबच्या नंबरात अर्धा ते पाऊण प्लस मिळवून, म्हणजे माशी टोकदार आणि डबा जरासा धूसर. असाच हवा. मी दोन वर्षं असाच वापरतेय.

आणि स्कोप घरात ठेवणार असाल तर जूनच्या आधी सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात. आपल्या पावसात कॅमेऱ्याच्या लेन्सला जी बुरशी धरते तीच इथे धरते, आत जाळं दिसायला लागलं की काच गेली.

प्रश्न : मामांकडे देवगडला शेती संरक्षणाच्या लायसन्सवर ठासणीची बंदूक आहे, रानडुकरं भातात घुसतात. स्कोप भेट देऊ का? — एक वाचक, भांडुप

उत्तर : नको रे बाबा. ठासणीच्या नळीला आत आटे नसतात, त्यातून छर्ऱ्यांचा झोत जातो आणि पसरतो, पुढे नुसती एक माशी असते आणि मागे काहीच नसतं कारण तिथे शिस्त घ्यायची नसते, बोट दाखवल्यासारखी बंदूक दाखवायची असते. तिच्यावर स्कोप म्हणजे बैलगाडीला इंडिकेटर. मुळात मामांना बंदूक जवळ बाळगायचा परवाना आहे, डुक्कर मारायचा वेगळा, तो वनखात्याकडून लागतो. बहुतेक शेतकरी हवेत बार काढून हाकलतात, त्याला नेमच लागत नाही. मामांना हेडटॉर्च द्या, नाहीतर कुंपणाला हातभार लावा, आणि निवडणुकीत बंदूक जमा करायला पोलीस ठाण्यात खेटे घालायला लागतात तेव्हा एकदा गाडी घेऊन जा, त्याचे आशीर्वाद जास्त लागतील.

प्रश्न : मुलगी आठवीत, शाळेतून शूटिंगला जाते. कोच म्हणतात एक वर्ष ओपन साइटवरच (खाच आणि माशी), मग पीप साइट. दुसऱ्या मुलींनी थेट पीपवर सुरू केलं. ती मागे पडेल का? आणि ऑलिंपिकमध्ये स्कोप का नसतो? — एक आई, विलेपार्ले

उत्तर : स्कोप नसतो कारण नियमातच बंदी आहे, खेळ बघण्याचा नाही, न हलण्याचा आहे. १० मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेनाने टेकवलेल्या टिंबाएवढा, आणि तो कुणाला दिसतही नाही. दिसतो फक्त काळा गोल, पुढच्या साइटची रिंग त्याच्याभोवती सारखी बसवायची. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ आणलं ते असंच, भिंगाशिवाय.

कोचचं ऐका. आपल्याकडे ओपन साइटच्या वेगळ्या स्पर्धाही असतात, त्यामुळे वर्ष वाया वगैरे जात नाही. खाचेवर शिकलेल्या पोरीला माशीवर डोळा ठेवायची सवय लागते आणि चूक लगेच कागदावर दिसते. पीपवर स्कोअर पटकन वाढतो, आई-बाबा खूश होतात, पण चाप झटकायची खोड त्यात झाकून जाते आणि दोन वर्षांनी बाहेर येते, तेव्हा मोडायला जड. अंजली भागवत पण कीर्ती कॉलेजच्या एनसीसीतून आली, पहिल्या दिवशी हातात भारी रायफल नव्हती. मात्र वर्षाचं दीड-दोन वर्षं होऊ देऊ नका, सहा महिन्यांनी कोचना विचारा की ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, केवढा झालाय, स्कोअर नव्हे, ग्रुप.

आणि घरी एक बघा, ती नेम धरताना डावा डोळा घट्ट मिटते का. मिटत असेल तर उजवाही आखडतो आणि अर्ध्या तासात डोकं दुखतं. टोपीला किंवा चष्म्याला डाव्या डोळ्यासमोर पांढऱ्या प्लॅस्टिकची पट्टी लावा, दुधाच्या डब्याचं झाकण कापलंत तरी चालेल, फक्त रुंदी ३० मिलिमीटरच्या आत ठेवा, त्याहून मोठी स्पर्धेत काढायला लावतात.