घणसोलीत शाळेसाठी राखीव भूखंड रिकामा आहे. तिथे पालिकेची शाळा बांधायला पैसे कोण देतं?

मुख्यतः नवी मुंबई महापालिकाच, तेही स्वतःच्या अर्थसंकल्पातून. प्राथमिक शिक्षणाची सोय करणं हे कायद्याने तिचं बंधनकारक काम आहे. समग्र शिक्षा योजनेतून (केंद्र ६०, राज्य ४० टक्के) वर्गखोल्या, स्वच्छतागृहांना हातभार लागतो, पण अख्ख्या इमारतीसाठी त्या भरवशावर राहू नका. खरी मेख जमिनीत असते. नवी मुंबईतल्या नोडचे (नियोजित उपनगरांचे) आराखडे सिडकोने, म्हणजे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने केले, शाळांचे भूखंडही तिनेच राखले आणि त्यातले बरेच खाजगी संस्थांना भाडेपट्ट्याने दिले. म्हणजे राखीव भूखंडावर पालिकेचीच शाळा येईल असं नाही! आधी माहिती अधिकारात सिडकोला विचारा:

- भूखंड सध्या कोणाच्या नावावर आहे?
- पालिकेकडे हस्तांतर झालंय का, ताबा कधी दिला?

हस्तांतर झालं असेल तर पालिकेच्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकात त्या कामाची ओळ शोधा. पालिकेच्या निविदा भरणं हेच माझं काम, म्हणून सांगतो: समोर नुसती हजार रुपयांची टोकन तरतूद दिसली, तर फक्त लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातलं त्या खर्चाचं खातं) जिवंत ठेवलंय, यंदा वीट लागत नाही. हे सगळं पालिका हद्दीपुरतं. शहापूर-मुरबाडकडच्या गावांत शाळा जिल्हा परिषदेची आणि निधीसाठी जिल्हा नियोजन समितीकडे बघावं लागतं.