पोटॅशियम आईचं वाढलं की नळीतलं?

प्रश्न : गेल्या महिन्यात ऐन थंडीत आईची (वय ६६) रक्ततपासणी केली. सकाळी सातला घरी येऊन रक्त नेलं, रात्री मोबाइलवर रिपोर्ट आला : पोटॅशियम ६.३. घाबरून तिला तसंच हॉस्पिटलात नेलं. ईसीजी व्यवस्थित, आणि पुन्हा तपासलेलं पोटॅशियम ४.३! लॅबवाले म्हणतात, 'मशीननं दाखवलं ते दिलं.' मग खोटं कोण?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : मशीन बहुधा खरंच बोललं. नळीतल्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पिवळसर द्रवात, ६.३ होतं, आईच्या अंगात नव्हतं. मी बरीच वर्षं नाशकातल्या एका लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीचं टेबल सांभाळलं. डिसेंबर-जानेवारीत असे रिपोर्ट हमखास वाढायचे. आकड्याआधी मी विचारायची, रक्त निघालं किती वाजता आणि सीरम वेगळं झालं किती वाजता?

पेशीभोवतीचं पटल मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असतं. त्याच्या आत पोटॅशियम लिटरला १४० मिलिमोलच्या आसपास, बाहेर रक्तद्रवात जेमतेम ३.५ ते ५. सोडियमचं नेमकं उलट. एवढा फरक असल्यावर गळती होणारच, आणि ती निरोगी पेशीतही चोवीस तास चालू असते. म्हणून प्रत्येक पेशीत पंप आहेत. एका फेरीत ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत, खर्च एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली खेकड्याच्या नसांवर काम करताना हा पंप शोधला. नोबेल मिळायला १९९७ उजाडलं.

तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी थोडी झिरपते, पण मोटर चालू असते तोवर कोणाच्या लक्षात येत नाही. लाइट गेली की पातळी उतरते. थंडीत पेशीचं हेच होतं. पंप जवळजवळ थांबतो, गळती मात्र चालूच राहते. सकाळी घेतलेलं रक्त बर्फाच्या पिशवीशेजारी बसून सिडको, सातपूर, नाशिकरोड करत संध्याकाळी लॅबला पोचलं, तर तांबड्या पेशींतलं पोटॅशियम तोवर सीरममध्ये उतरलेलं असतं. यात पेशी फुटलेल्या नसतात. फुटल्या तर हिमोग्लोबिन सांडून सीरम गुलाबी दिसतं आणि टेक्निशियन रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' असा शेरा मारतो. नुसती गळती असेल तर सीरम छान पिवळं, स्वच्छ. डोळ्यांना फसवणारं प्रकरण हेच. रक्त देताना मूठ जोरजोरात उघड-मीट केली तरी आकडा वाढतो, ते वेगळंच.

तुम्ही रात्री धावपळ केलीत ते मात्र योग्यच केलंत. मूत्रपिंडाचे विकार किंवा रक्तदाबाची काही औषधं यांमुळे ६.३ खरंही असू शकतं, आणि तेव्हा हृदयाचे ठोके बिघडतात. पुढच्या वेळी आईला लॅबमध्येच न्या आणि तासा-दोन तासांत सीरम वेगळं करतात का, हे काउंटरवर विचारा. विचारलेलं आवडत नाही त्यांना, तरी विचारा.

जाता जाता, आपण ज्या तपासण्यांना घाबरतो त्यातल्या कितीतरी गळतीच्याच तपासण्या आहेत. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतलं एन्झाइम. ते रक्तात जास्त सापडलं म्हणजे त्या पेशींना इजा झाली. हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटला की एटीपी संपतं, पंप बंद पडतो, सोडियममागोमाग पाणी शिरून पेशी फुगते. मग कॅल्शियम घुसतं आणि पटल कुरतडणारी आतलीच एन्झाइम्स जागी होतात. पोटॅशियम काही मिनिटांतच निसटू लागतं. ट्रोपोनिनसारखं हृदयाच्या स्नायूतलं मोठं प्रथिन बाहेर यायला तास लागतात. छातीत दुखणाऱ्या माणसाचा पहिला ट्रोपोनिन नॉर्मल आला तरी डॉक्टर काही तासांनी पुन्हा रक्त घेतात ते यासाठी. बिल वाढवायला नव्हे. आणि नाशिक-पंढरपूर सायकल वारी करून आल्या-आल्या एसजीओटी तपासून 'लिव्हर बिघडलं' म्हणणाऱ्यांनी थोडे दिवस थांबावं. ते एन्झाइम दमलेल्या स्नायूंमधूनही गळतं.

प्रश्न : निफाडला पारा घसरला की आमच्या द्राक्षबागेतली काही पानं सकाळी ऊन चढल्यावर पाण्यात भिजल्यासारखी दिसतात, मग करपतात. पेशी फुटतात म्हणतात, ते खरं का? आमच्याकडे ईसी मीटर आहे, त्यावर कळेल का?
– एक बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : फुटतात म्हणण्यापेक्षा आधी सुकतात. दव गोठण्याइतकी थंडी पडली की पानात बर्फ बहुतेक वेळा पेशींच्या बाहेर, मधल्या फटींत धरतो. तो पेशीतलं पाणी ओढून घेतो. पेशी आक्रसते आणि पटलाला इजा होते. उन्हात बर्फ वितळतो, पण पाणी आत कोंडून ठेवणारं पटल शाबूत नसतं. भिजल्यासारखं दिसतं ते हेच बाहेर पडलेलं पाणी.

ईसी मीटरवर नक्की कळेल. ते पाण्याची वीजवाहकता (ईसी) मोजतं, आणि पेशीतून गळलेल्या क्षारांनी ती वाढते. प्रयोगशाळेतही हेच करतात. बाधित आणि निरोगी पानांच्या सारख्या चकत्या कापा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये खळबळून घ्या, मग तेवढ्याच ताज्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही तास ठेवा आणि ईसी बघा. नंतर चकत्यांसकट पाणी उकळा, आटलेलं भरून काढा, गार झाल्यावर पुन्हा मोजा. उकळल्यावर सगळंच बाहेर येतं. पहिला आकडा त्याच्या किती टक्के, ती तुमची गळती. बोअरचं पाणी वापरू नका, त्याचाच ईसी सगळ्यावर मात करेल.

पहाटेची शेकोटी आणि ठिबकचं पाणी हे इजा होण्याआधीचे उपाय. पानं करपल्यावर महागडं टॉनिक मारून ती हिरवी होत नाहीत, दुकानदार काहीही सांगो.

प्रश्न : कोशिंबिरीत मीठ घातल्यावर काकडीला पाणी सुटतं, ती पण गळतीच का?
– अकरावीचा विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : सुरुवातीला तरी नाही. ते परासरण. बाहेर मीठ जास्त म्हणून पाणी पटलातून निघून जातं. त्यासाठी पटलात पाण्याच्या खास वाटा असतात; त्या पीटर आग्रे यांनी १९९२च्या सुमारास दाखवून दिल्या. पटल धड असताना आतला बाकीचा माल बराचसा जागच्या जागी राहतो.

खरी गळती बघायची तर बिटाचे तुकडे रंग जाईपर्यंत धुऊन घे. काही साध्या पाण्यात टाक, काही साठ-सत्तर अंशांच्या गरम पाण्यात. दहा मिनिटांनी दोन्ही ग्लास उजेडात धरून बघ, आणि गरम पाणी ओतताना घरच्या मोठ्यांना शेजारी उभं कर.