वाचक विचारतात : शिडीवर हत्यारे ठेवायची कुठे?

प्रश्न : भिंतीला टेकवायच्या सरळ ॲल्युमिनियमच्या शिडीसाठी हत्यारे ठेवायचा ट्रे घरीच बनवला. दोन आकडे वरच्या पायरीत अडकवले आणि त्यांना काटकोनात फळी ठोकली. पण ड्रिल ठेवले की ते घसरत भिंतीकडे जाते आणि सगळा ट्रेच खाली झुकतो. आकडे पातळ पडले का?

उत्तर : आकडे बहुधा ठीक असतील. गडबड दोन ठिकाणी आहे, आणि दोन्ही वेगवेगळ्या आहेत.

पहिली कोनाची. बरोबर लावलेली सरळ शिडी जमिनीशी सुमारे 75 अंश करते. म्हणजे 4 मीटर उंचीवर टेकवायची असेल तर तिचे पाय भिंतीपासून 1 मीटर लांब. अशा शिडीला काटकोनात ठोकलेली फळी आपोआप 15 अंश भिंतीकडे उतरते. 20 सेंमी खोल फळीची पलीकडची कड 5 सेंमी खाली जाते, मग ड्रिल घसरणारच. फळी आणि तिच्या वरचा शिडीचा भाग यांत 90 नव्हे, 75 अंशांचा कोन हवा. पुठ्ठ्याचा 75 अंशांचा साचा कापून घ्या आणि त्यावर धरून फळी पेलणारा कंस वाकवा. शिडी लावून झाल्यावर फळीवर पाणसळ ठेवून एकदा बघा. जमीन उंचसखल असेल तर कोन थोडा बदलतो, म्हणून फळीच्या टेकूच्या (तो पुढे सांगितला आहे) बोल्टसाठी गोल भोकाऐवजी 3 सेंमी लांब खाच ठेवलेली बरी.

दुसरी आधाराची. ट्रे एकाच पायरीवर लटकतोय, त्यामुळे त्या पायरीभोवती फिरतो. पायरी गोल असेल तर फारच सहज. चपट्या किंवा डी-आकाराच्या पायरीवर थोडा कमी. उपाय म्हणजे आकड्याची पट्टी पुढे तशीच खाली नेऊन खालच्या पायरीवर टेकवायची, भिंतीकडच्या बाजूने. हिशेब सोपा आहे. फळीवर 4 किलो सामान, सगळे पलीकडच्या कडेला, म्हणजे पायरीपासून 20 सेंमी पुढे धरू. पायऱ्यांमधले अंतर 30 सेंमी धरले तर खालच्या टेकूवर पावणेतीन किलोच्या आसपास दाब येतो. एवढा दाब 25 × 3 मिमीची लोखंडी पट्टी सहज पेलते. जाड पट्टीची गरज नाही.

फळीला 12 मिमी प्लायवूड पुरे, 35 × 20 सेंमी. चारही बाजूंना 4-5 सेंमी उंच कड लावा, कोपऱ्यांत 8 मिमीची भोके ठेवा म्हणजे पाणी आणि भुसा साचणार नाही. फळीवर रबरी चटई चिकटवा. पुढच्या कडेला 10-12 मिमीची चार-पाच भोके पाडली की स्क्रू ड्रायव्हर उभे राहतात. स्क्रूसाठी चुंबकाची पट्टी लावत असाल तर पितळी स्क्रू तिला चिकटत नाहीत आणि स्टेनलेसचेही बहुतेक नाहीत; त्यांना झाकणाची डबीच हवी. सगळे बोल्ट 6 मिमीचे, नायलॉनची कडी असलेल्या नटांसह. साधे नट हादऱ्याने सैल होतात, आणि शिडीवरून ड्रिल चालवताना हादरे काही कमी नसतात.

आकड्याचे टोक पायरीच्या निम्म्याहून खाली वळलेले हवे. तरी शिडी सरकवताना आकडा उडी मारून सुटू शकतो, म्हणून पायरीखालून नायलॉनचा पट्टा किंवा पिन घाला. आकड्याच्या आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला की ॲल्युमिनियमला चरे पडत नाहीत आणि ट्रे आडवा सरकत नाही. एक गोष्ट मात्र करू नका : ट्रे पक्का बसावा म्हणून शिडीच्या उभ्या दांड्यांना भोके पाडणे. दांडा नेमका तिथेच कमकुवत होतो.

प्रश्न : ट्रे वरच्या टोकाला लावला तर भिंतीला अडतो. किती खाली घ्यावा?

उत्तर : टोकापासून शिडीवर 60 सेंमी खाली आलात की भिंत आणि शिडी यांत जेमतेम 15 सेंमी जागा असते, 90 सेंमीवर 23, 120 वर 31. म्हणजे 20 सेंमीचा ट्रे वरून सुमारे 90 सेंमी खाली मावतो, त्याच्या वर नाही. इथेच पेच येतो. वरच्या तीन पायऱ्यांवर उभे राहायचे नाही हा नियम पाळून चौथीवर उभे राहिलात, तर 90 सेंमी खालचा ट्रे थेट पावलांशी येतो. तेव्हा दोनच मार्ग : शिडी लांब घ्या आणि खाली उभे राहून काम करा, किंवा वरच्या टोकाला भिंतीपासून 25-30 सेंमी अंतर ठेवणारे टेकू लावा. टेकू लावले की ट्रे कमरेजवळ घेता येतो, शिवाय खिडकी किंवा पन्हळीसमोर शिडी नीट टेकते. आम्ही टेकूच सुचवू. लांब शिडी हलवताना जे हाल होतात ते वाचतात.

प्रश्न : रंगाची बादली बाजूच्या दांड्याला, पोकळ पायरीत दांडी घालून लटकवली तर शिडी कलंडेल का?

उत्तर : नुसत्या बादलीने नाही. शिडीच्या पायांत 40 सेंमी अंतर असेल आणि 65 किलोचा माणूस मधोमध उभा असेल, तर एका पायाभोवती त्याचा सावरणारा जोर 65 × 20, म्हणजे 1300 किलो-सेंमी. 5 किलोची बादली दांड्याबाहेर 25 सेंमी असली तर तिचा पाडणारा जोर 125. पण ब्रश बुडवायला माणूस 10 सेंमी त्याच बाजूला झुकला की 1300 चे 650 राहतात, आणि 15 सेंमीला 325. म्हणून बादली दांड्याला चिकटून, कोपर वाकवून हात पोहोचेल अशी लावा. तुमच्या कमरेच्या पट्ट्याचे बकल दोन्ही दांड्यांच्या आत राहिले पाहिजे. बादली निम्मीच भरा, भरलेली हिंदकळते आणि पायऱ्यांवर सांडते. ओला रंग सांडलेल्या पायरीवरून पाय सटकतो हे वेगळे सांगायला नको.

दांडी गोल असेल तर ती पायरीत फिरते. डी-आकाराच्या पायरीत त्याच आकाराची दांडी घ्या, दोन्ही टोकांना पिन लावा.

प्रश्न : ट्रेवर किती वजन चालेल?

उत्तर : शिडीवर छापलेली क्षमता म्हणजे सगळ्यांची बेरीज. 78 किलोचा माणूस, 3 किलोचा हत्यारांचा पट्टा, 2 किलोचा ट्रे, 6 किलो सामान, मिळून 89. शिवाय घरी केलेल्या ट्रेवर 5-6 किलोच्या वर जाऊ नका, आणि त्यावर पाय तर कधीच नाही.

सामान हातात घेऊन चढू नका. रिकामा ट्रे जमिनीवरूनच अडकवता आला तर उत्तम; नाहीतर वर जाऊन स्थिर उभे राहा आणि पिशवी दोरीने ओढून घ्या. जड हत्याराला छोटी दोरी बांधून ती ट्रेला अडकवा. 4 मीटरवरून निसटलेली हातोडी जमिनीपाशी ताशी 32 किलोमीटरच्या वेगाने पोहोचते, त्यामुळे खाली कुणी उभे राहू नये अशी जागा आधी अडवा.

विजेच्या तारांजवळ काम असेल तर फायबरग्लासची शिडी घेतात, पण तिला लोखंडी ट्रे लावला की विजेला तेवढा धातूचा रस्ता मिळतो. तिथे प्लास्टिकचा ट्रे आणि नायलॉनचे पट्टे वापरा, आणि तारा बंद करून घेतल्याशिवाय वर जाऊ नका.