माफ नाही केलं तर पाप लागते का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आलेल्या ताईंचा हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नवरा ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, वडील (पुढारी), रविवारी उपासनेत शास्त्रपाठ म्हणजे बायबलमधला उतारा वाचणारा, दारूला कधी न शिवलेला. घरात मात्र हात उचलायचा. सोयाबीनच्या पैशांचं काय झालं, एवढं विचारलं म्हणून एकदा तिचं मनगट मोडलं. पाळकसाहेबांनी (चर्चच्या पास्टरांनी) घरी येऊन प्रार्थना केली आणि तिलाच समजावलं, सत्तर वेळा सात क्षमा करायची असते. महिला संघातल्या मावशी म्हणाल्या, घरची गोष्ट घरातच राहू दे, गावात मंडळीचं नाव खराब होईल.

"ताई, मी माफ नाही केलं तं मले पाप लागते का?"

मी आधी विचारलं, आज रात्री कुठे झोपणार? भावाचं घर जवळच्या गावात होतं, ती तिकडे गेली. माफीचं नंतर बोलता येतं, मार आधी थांबला पाहिजे.

तिच्या परवानगीने मी पाळकसाहेबांना भेटले. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. सत्तर वेळा सात हे बायबलमध्ये मत्तयाच्या 18व्या अध्यायात आहे, पण त्याच अध्यायात त्याआधी 15 ते 17 या ओव्या आहेत: आधी एकट्याने जाऊन दोष दाखवा, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्या, तरीही नाही तर मंडळीला सांगा. म्हणजे दोष बोलून दाखवणं हे क्षमेच्या विरुद्ध नाही. मात्र पहिली पायरी मार खाणाऱ्या बाईने एकटीने चढावी, असा अर्थ काढणं मला क्रूर वाटतं. इथे जायचं होतं ते वडीलजनांनी. शिवाय बायबलमधल्याच तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 3ऱ्या अध्यायात मंडळीच्या अध्यक्षाने हाणामारी करणारा नसावं आणि आपलं घर नीट चालवावं, असं स्पष्ट लिहिलं आहे.

कायद्याचा रस्ताही तिला सांगितला. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो. त्यासाठी मंडळीची परवानगी लागत नाही. कोणत्याही पाळकाने बाईला पोलिसांकडे जाण्यापासून अडवू नये, हे मी ठामपणे म्हणते.

तिने अर्ज केला. मंडळीच्या बैठकीत वाद झाला. काहींना सगळं झाकायचं होतं, काहींना त्याला कायमचं काढून टाकायचं होतं. शेवटी त्याचं वडीलपद आणि शास्त्रपाठ काढून घेतला, प्रभुभोजनही (उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस) थांबवलं. पण प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला दुसऱ्या पत्रात लिहिलं आहे की शिक्षा झालेला माणूस अतिदुःखात बुडून जाऊ नये. म्हणून दोन वडीलजन दर आठवड्याला त्याच्याकडे जाऊ लागले. तिची मनधरणी करायची नाही, फक्त त्याने काय केलं ते त्याच्याच तोंडून ऐकायचं, असं ठरलं होतं. सुरुवातीला तो तिलाच दोष देत राहिला.

ती अजून भावाकडेच आहे. माफ केलं का, हे तिला आता कोणी विचारत नाही. परत जायचं की नाही, ते ती ठरवेल.